डॅनी सेड्रोन : ‘रॉक अराउंड द क्लॉक’मागचे अपरिचित गिटारवादक

अमेरिकी गिटारवादक डॅनी सेड्रोन यांचे नाव सर्वसामान्य संगीतरसिकाला बहुधा ठाऊक नसते. त्यांनी वाजवलेले सुमारे पंधरा सेकंदांचे एक गिटारवादन मात्र जगभरातील कोट्यवधी लोकांच्या कानांवरून गेले आहे. बिल हेली आणि त्यांच्या कॉमेट्स या वाद्यवृंदाने १२ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्क येथे ध्वनिमुद्रित केलेल्या ‘रॉक अराउंड द क्लॉक’ या गीताच्या मध्यावर येणारा गिटारचा तुकडा सेड्रोन यांचा आहे. त्या कामाचे त्यांना २१ डॉलर मिळाले. आजच्या हिशेबाने ही रक्कम अदमासे अडीचशे डॉलर होते. त्यानंतर सुमारे साडेनऊ आठवड्यांनी, १७ जून १९५४ रोजी, जिन्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला. हे गीत अमेरिकेत लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या स्थानावर पोहोचले ते जुलै १९५५ मध्ये. तेव्हा सेड्रोन यांच्या निधनाला एक वर्ष उलटून गेले होते.

सेड्रोन हे कॉमेट्सचे सदस्य नव्हते. ते ‘सेशन म्युझिशियन’, म्हणजे ठरावीक ध्वनिमुद्रणापुरते बोलावले जाणारे वादक होते. असा वादक ठरलेल्या वेळी वाद्य घेऊन येतो, पुढ्यात येईल ते वाजवतो, ठरलेली रक्कम घेतो आणि निघून जातो. तबकडीवर गायकाचे नाव असते, गीतकार आणि संगीतकाराचे नाव असते, कंपनीचे तर असतेच. वादकाचे नाव त्या काळी क्वचितच छापले जाई. रॉक अँड रोलचा इतिहास सहसा गायकांच्या नावांनी सांगितला जातो. या संगीताचा पहिल्या काही सेकंदांतच ओळखू येणारा नाद घडवण्यात मात्र अशा वादकांचा वाटा मोठा होता, आणि सेड्रोन यांचे उदाहरण त्यांत सर्वाधिक बोलके आहे.

फिलाडेल्फियाचा परिसर

डोनाटो जोसेफ सेड्रोन यांचा जन्म २० जून १९२० रोजी न्यूयॉर्क राज्यातील जेम्सव्हिल येथे झाला. त्यांची सांगीतिक कारकीर्द घडली ती पेनसिल्व्हेनिया राज्यातील फिलाडेल्फिया शहर आणि त्याच्या आसपास. १९४०च्या दशकात त्यांनी व्यावसायिक वादनास प्रारंभ केला. त्या काळी या परिसरातील क्लबांत आणि नृत्यगृहांत जॅझ, स्विंग, कंट्री आणि कृष्णवर्णीयांचे रिदम अँड ब्लूज हे प्रकार एकमेकांच्या शेजारी नांदत होते. नोकरीसारख्या नियमाने रोज रात्री वाजवणाऱ्या वादकाला हे सगळेच येणे भाग असे. सेड्रोन यांच्या वादनात जॅझचे संस्कार स्पष्ट जाणवतात. त्यांच्या हातातली गिटार गिब्सन कंपनीची ‘ईएस ३००’ होती. पोकळ पेटीची ही विद्युत गिटार जॅझवादकांसाठी बनवलेली होती. पुढे रॉक अँड रोलशी ज्या सडपातळ, भरीव लाकडाच्या गिटारींचे नाते जुळले, त्यांच्याशी तिचे साम्य थोडेच.

याच परिसरात, चेस्टर या लहान औद्योगिक शहरातील आकाशवाणी केंद्रावर बिल हेली काम करीत होते. हेली यांचा वाद्यवृंद तेव्हा ‘सॅडलमेन’ या नावाने, काऊबॉयच्या वेशात कंट्री संगीत सादर करीत असे. १९५१ मध्ये हॉलिडे या छोट्या कंपनीचे मालक डेव्ह मिलर यांनी हेली यांच्याकडून ‘रॉकेट ८८’ हे गीत गाऊन घेतले. मूळ गीत त्याच वर्षी जॅकी ब्रेन्स्टन या कृष्णवर्णीय गायकाच्या नावाने प्रसिद्ध झाले होते आणि त्यामागे आइक टर्नर यांचा वाद्यवृंद होता. श्वेतवर्णीय कंट्री गायकाने असे गीत गाणे त्या वेळी अपवादात्मक होते. हेली यांच्या या ध्वनिमुद्रणात प्रमुख गिटार वाजवण्यासाठी सेड्रोन यांना बोलावण्यात आले.

पुढच्या वर्षी, १९५२ मध्ये, मिलर यांच्याच एसेक्स कंपनीसाठी हेली यांनी ‘रॉक द जॉइंट’ ध्वनिमुद्रित केले. हे गीतही मूळचे फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय संगीतकारांचे. जिमी प्रेस्टन यांनी ते १९४९ मध्ये गायले होते. हेली यांच्या आवृत्तीत मध्यंतरी गिटारला एकटीने वाजवायला जागा दिली गेली आणि सेड्रोन यांनी तिचे सोने केले. वादनाच्या पूर्वार्धात जॅझच्या वळणाचे तुटक, ठाशीव स्वर येतात. उत्तरार्धात वरच्या सुरांपासून खाली एका दमात उतरणारी अतिवेगवान तान येते. या तानेत स्वर इतके जवळजवळ येतात की गिटार वाजते आहे की एखादे यंत्र फिरते आहे असा क्षणभर भास व्हावा. तरीही प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. ज्यांनी गिटार हाती घेतली आहे, त्यांना यातली अवघड बाब कोणती ते सांगायला नको.

तबकडीवर नाव हेली यांच्या वाद्यवृंदाचेच होते. १९५२च्या उत्तरार्धात सॅडलमेनने काऊबॉयचा वेश टाकला आणि हॅलेच्या धूमकेतूवर श्लेष साधत ‘कॉमेट्स’ हे नाव घेतले.

स्वतःचा वाद्यवृंद

सेड्रोन कॉमेट्समध्ये कायमचे का गेले नाहीत, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर त्यांच्या स्वतःच्या ‘एस्क्वायर बॉइज’ या वाद्यवृंदात सापडते. सेड्रोन तेथे प्रमुख होते आणि ते स्थान सोडून दुसऱ्याच्या हाताखाली जाण्यात त्यांना स्वारस्य नव्हते, असे दिसते. एस्क्वायर बॉइजने १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात काही तबकड्या काढल्या. त्यांत हेली यांनी लिहिलेले ‘रॉक-अ-बीटिन बूगी’ हे गीत होते. हेली यांनी स्वतः ते नंतर गायले, म्हणजे गीतकाराच्या आधी त्याचे गीत सेड्रोन यांच्या वाद्यवृंदाने लोकांपुढे आणले. ‘गिटार बूगी शफल’ ही केवळ वाद्यांवरची रचनाही त्यांनी वाजवली. पुढे १९५९ मध्ये फिलाडेल्फियाच्याच ‘व्हर्च्यूज’ या वाद्यवृंदाने ती गाजवली.

स्वतंत्र राहण्याच्या या निर्णयाकडे आज मागे वळून पाहताना तो चुकीचा होता असे म्हणण्याचा मोह होतो. पण कॉमेट्सच्या सदस्यांचे पुढे काय झाले हे पाहिले तर तसे ठामपणे म्हणता येत नाही. हेली, पियानोवादक जॉनी ग्रांडे आणि स्टील गिटारवादक बिली विल्यमसन हे वाद्यवृंदाचे भागीदार होते, तर इतर वादक पगारी होते. गीत जगभर वाजू लागल्यावरही पगार वाढेना, तेव्हा सप्टेंबर १९५५ मध्ये सॅक्सोफोनवादक जोई डी’अँब्रोजिओ, ढोलवादक डिक रिचर्ड्स आणि बासवादक मार्शल लायटल हे तिघे बाहेर पडले व त्यांनी ‘जोडिमार्स’ हा वाद्यवृंद काढला.

१२ एप्रिल १९५४

‘रॉक अराउंड द क्लॉक’ हे गीत मॅक्स फ्रीडमन आणि जेम्स मायर्स यांच्या नावावर आहे. मायर्स यांनी त्यासाठी जिमी डी नाइट हे टोपणनाव वापरले होते. हेली यांना ते गायचे होते, पण मिलर आणि मायर्स यांचे परस्परांशी पटत नसल्याने एसेक्स कंपनीत ते शक्य झाले नाही. दरम्यान सनी डे यांच्या वाद्यवृंदाने ते आधी गाऊन टाकले. १९५४च्या वसंतात हेली डेक्का या मोठ्या कंपनीत गेले आणि मार्ग मोकळा झाला. डेक्काचे निर्माते मिल्ट गॅबलर हे अनुभवी गृहस्थ होते. लुई जॉर्डन यांच्या अनेक यशस्वी तबकड्यांची निर्मिती त्यांनीच केली होती. नाचता येईल असा ठेका आणि त्याला जोडून चटकन लक्षात राहणारा वाद्यांचा पुनरावृत्त तुकडा, ही जॉर्डन यांच्या संगीतातली युक्ती त्यांनी हेली यांच्या वाद्यवृंदाकडून करवून घेतली.

ध्वनिमुद्रण मॅनहॅटनमधील पायथियन टेंपल या इमारतीत होते. मूळची ही एका बंधुसंघटनेची वास्तू. तिच्यातील उंच छताच्या भव्य दालनात आवाज घुमून परत येई आणि डेक्काला नेमके तेच हवे होते. ठरलेला अवधी तीन तासांचा होता. वाद्यवृंदाला घेऊन येणारी फेरीबोट डेलावेअर नदीत वाळूत रुतल्याने सर्वजण उशिरा पोहोचले, असे त्या दिवसाविषयी सांगितले जाते. त्यातही कंपनीच्या दृष्टीने महत्त्वाचे गीत वेगळेच होते. ‘थर्टीन विमेन’ या गीतावर बहुतेक वेळ खर्च झाला आणि ‘रॉक अराउंड द क्लॉक’साठी अखेरचा थोडाच अवधी उरला.

या घाईतच सेड्रोन यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला. गिटारच्या तुकड्यात वाजवायचे काय? नवे काही रचायला आणि बसवायला वेळ नव्हता. दोन वर्षांपूर्वी ‘रॉक द जॉइंट’मध्ये वाजवलेला तुकडा त्यांच्या बोटांत होता. त्यांनी तोच, जवळपास स्वरास स्वर, पुन्हा वाजवला. दोन्ही ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकली की हे सहज कळते. काहींना यात कल्पकतेचा अभाव दिसतो. आमच्या मते हे सेशन वादकाच्या कामाचे मर्म आहे. घड्याळ पुढे सरकत असताना, बाहेर दुसरे कलाकार त्याच दालनाची वाट पाहत असताना, चूक होऊ न देता सर्वोत्तम ते देणे ही त्याची जबाबदारी असते. सेड्रोन यांनी आपल्या संग्रहातली सर्वांत धारदार वस्तू काढून दिली. ‘रॉक द जॉइंट’च्या वेळी जो तुकडा मर्यादित श्रोत्यांपर्यंत पोहोचला होता, त्याला या वेळी मोठ्या कंपनीचे बळ आणि पायथियन टेंपलचा नाद लाभला.

गीताची दोनच मुद्रणे झाली. पहिल्यात वाद्यांच्या आवाजाखाली हेली यांचा आवाज दबला गेला, म्हणून दुसऱ्या वेळी त्यांच्या आवाजाकडे लक्ष देण्यात आले आणि नंतर दोन्ही मुद्रणे एकत्र करून अंतिम गीत तयार करण्यात आले. तालवाद्यावर वाद्यवृंदाच्या रिचर्ड्स यांच्याऐवजी बिली गसाक होते. तेही सेड्रोन यांच्याप्रमाणेच त्या दिवसापुरते बोलावलेले वादक.

मे १९५४ मध्ये तबकडी बाजारात आली, तीही ‘थर्टीन विमेन’च्या मागच्या बाजूला ‘रॉक अराउंड द क्लॉक’ घेऊन. ती बऱ्यापैकी खपली, बिलबोर्डच्या यादीत आठवडाभर दिसली आणि मागे पडली. ७ जून रोजी हेली यांनी ‘शेक, रॅटल अँड रोल’ ध्वनिमुद्रित केले. सेड्रोन त्या वेळीही हजर होते, पण या गीतात गिटारला स्वतंत्र जागा नव्हती. त्यानंतर दहा दिवसांनी फिलाडेल्फियात ते जिन्यावरून कोसळले. मानेचे हाड मोडल्याने त्यांचा मृत्यू झाला. तीन दिवसांनी त्यांना ३४ वर्षे पूर्ण झाली असती.

यश आणि त्याचे वाटेकरी

‘शेक, रॅटल अँड रोल’ त्याच वर्षी गाजले. मार्च १९५५ मध्ये रिचर्ड ब्रुक्स यांचा ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. शाळेतील बंडखोर मुलांच्या या कथेच्या श्रेयनामावलीवर ‘रॉक अराउंड द क्लॉक’ वाजत होते. चित्रपटाचे नायक ग्लेन फोर्ड यांच्या मुलाच्या तबकड्यांच्या संग्रहातून ते निवडले गेले होते. तरुणांनी गीत उचलून धरले. डेक्काने तबकडी पुन्हा बाजारात आणली आणि ९ जुलै १९५५ रोजी ती बिलबोर्डच्या यादीत पहिली आली. हे स्थान तिने आठ आठवडे राखले. वर्षअखेरीस ब्रिटनमध्येही ती पहिल्या क्रमांकावर होती. तिच्या एकूण खपाचे अंदाज वेगवेगळे आहेत. अडीच कोटी प्रतींचा आकडा अनेकदा दिला जातो.

हेली यांच्या वाद्यवृंदात आता फ्रॅनी बीचर हे गिटारवादक होते. बेनी गुडमन यांच्याबरोबर वाजवलेले हे कसलेले वादक. दूरचित्रवाणीवर आणि दौऱ्यांवर गीत सादर करताना तबकडीवरचा तो तुकडा श्रोत्यांना जसाच्या तसा हवा असे. त्यामुळे बीचर यांना दुसऱ्याचे, आणि तेही हयात नसलेल्या वादकाचे वादन आत्मसात करून रंगमंचावर उभे राहावे लागले. श्रोत्यांपैकी बहुतेकांना हा तुकडा बीचर यांचाच वाटत असणार.

आता पैशांविषयी. गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकाला तबकडीच्या प्रत्येक प्रतीमागे आणि आकाशवाणीवरील प्रत्येक प्रसारणामागे स्वामित्वधन मिळते. मुख्य गायकाला कंपनीबरोबरच्या करारानुसार हिस्सा मिळतो. सेशन वादकाचा हिशेब मात्र त्याच दिवशी पुरा होत असे. तबकडी पाचशे खपो की पाच कोटी, त्याची रक्कम बदलत नसे. अमेरिकी वादकांच्या संघटनेने याविरुद्ध मोठा लढा दिला होता. जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली १९४२ मध्ये वादकांनी ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला आणि तो दोन वर्षांहून अधिक काळ चालला. कंपन्यांनी अखेर प्रत्येक तबकडीमागे काही रक्कम निधीत देण्याचे मान्य केले. पण तो निधी जनतेसाठीच्या विनामूल्य मैफलींवर खर्च होत असे. ज्याने तबकडीवर वाजवले त्याच्या हाती त्यातून थेट काही पडत नसे. विक्रीच्या प्रमाणात सेशन वादकांना रक्कम देणारी वेगळी व्यवस्था १९६०च्या दशकात आली. सेड्रोन यांच्यासारख्यांसाठी ती फार उशिरा आली.

आकाशवाणीचा प्रश्न तर अमेरिकेत अजूनही सुटलेला नाही. नेहमीच्या रेडिओ केंद्रावरून तबकडी वाजली तर गीतकाराला पैसे मिळतात, गायक-वादकांना नाहीत. इंटरनेट आणि उपग्रह रेडिओसाठी नियम वेगळा आहे. तेथील रकमेचा अडीच टक्के भाग नाव न छापलेल्या वादकांसाठी राखून ठेवलेला असतो. फेब्रुवारी १९७२पूर्वीची ध्वनिमुद्रणे मात्र या तरतुदीच्या बाहेर होती. १९५०च्या दशकातील संपूर्ण रॉक अँड रोल त्यामुळे वगळले गेले होते. २०१८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने संमत केलेल्या संगीतविषयक कायद्याने ही उणीव दूर केली.

भारतीय वाचकाला ही व्यवस्था अनोळखी वाटण्याचे कारण नाही. रॉक अँड रोलची लाट १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या चित्रपटसृष्टीपर्यंत आली. पुणतांब्याचे सुपुत्र, संगीतकार सी. रामचंद्र यांनी १९५७ मध्ये ‘आशा’ चित्रपटासाठी केलेले ‘ईना मीना डीका’ हे तिचे सर्वांत लोकप्रिय उदाहरण. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत पाश्चात्त्य वाद्ये वाजवणारे कलावंत मोठ्या संख्येने गोमंतकीय होते आणि तेही ध्वनिमुद्रणागणिक मोबदला घेत. सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केलेले ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, यांचे नाव जाणकारांना माहीत आहे. त्यांच्या शेजारी बसून वाजवणाऱ्या अनेकांची नावे तबकडीवर कधीच आली नाहीत. भारतात वादक-गायकांच्या हक्कांना कायद्यात स्थान मिळाले ते १९९४च्या दुरुस्तीने आणि व्यावसायिक वापरातील स्वामित्वधनाचा हक्क २०१२च्या दुरुस्तीने.

‘रॉक अराउंड द क्लॉक’ १९७३ मध्ये ‘अमेरिकन ग्राफिटी’ या चित्रपटामुळे पुन्हा लोकांसमोर आले आणि २०१८ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात त्याचा समावेश जाहीर केला. हेली यांचे १९८१ मध्ये निधन झाले. क्लीव्हलँडच्या ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने १९८७ मध्ये त्यांना मरणोत्तर मान दिला, तो एकट्यालाच. त्यांच्यामागे वाजवणाऱ्यांची दखल घेण्यास आणखी २५ वर्षे गेली. २०१२ मध्ये विशेष समितीच्या निर्णयानुसार कॉमेट्सचाही समावेश करण्यात आला. त्या यादीत बीचर, ग्रांडे, विल्यमसन, लायटल, डी’अँब्रोजिओ, रिचर्ड्स आदींबरोबर डॅनी सेड्रोन यांचेही नाव आहे. कॉमेट्सचे ते कधीच सदस्य नव्हते.